गाण्याच्या मोजपट्टीवरून चित्रपटाकडे : डेव्हिड फिंचर यांच्याविषयी वाचकांचे प्रश्न

गाण्यांचे व्हिडिओ करता करता चित्रपटाकडे वळलेल्या दिग्दर्शकांविषयी या सदराकडे जी पत्रे आली, त्यांतील निम्म्याहून अधिक पत्रे डेव्हिड फिंचर या एकाच अमेरिकी दिग्दर्शकाभोवती फिरणारी आहेत. म्हणून हे संपूर्ण सदर त्यांच्या कारकिर्दीला दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून प्रश्न मांडले आहेत.

प्रश्न : फिंचर यांनी दिग्दर्शनाचे रीतसर शिक्षण कोठे घेतले? व्हिडिओंच्या क्षेत्रात ते आले कसे?

उत्तर : चित्रपटाचे शिक्षण देणाऱ्या कोणत्याही संस्थेत ते गेले नाहीत. त्यांचा जन्म २८ ऑगस्ट १९६२ रोजी डेन्व्हर येथे झाला आणि बालपण कॅलिफोर्नियातील सॅन अन्सेल्मो या गावात गेले. ‘स्टार वॉर्स’चे कर्ते जॉर्ज लुकास त्याच परिसरात राहत असल्यामुळे चित्रपट हा दूरच्या नगरीत घडणारा चमत्कार नसून शेजारपाजारची माणसे करतात असा एक उद्योग आहे, ही जाणीव त्यांना लहानपणीच झाली. पुढे लुकास यांच्याच ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’ या दृश्यचमत्कार घडवणाऱ्या संस्थेत त्यांनी काम केले. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ (१९८३) या चित्रपटासाठी ते कॅमेरा साहाय्यक होते आणि १९८४ च्या ‘इंडियाना जोन्स’ चित्रपटात त्यांच्याकडे मॅट छायाचित्रण होते.

हे काम कसे चालत असे ते समजून घेतले, तर त्यांच्या पुढच्या काटेकोरपणाचा उगम सापडतो. संगणक हाताशी नव्हते. काचेवर रंगवलेला डोंगर किंवा किल्ला आणि प्रत्यक्ष चित्रित केलेली माणसे एकाच फिल्मवर थरांथरांनी उतरवावी लागत. एका थराची चौकट दुसऱ्या थराशी तंतोतंत जुळली नाही, तर आधीची सारी मेहनत वाया जात असे. वयाच्या विशीत ज्याने हे काम केले, तो माणूस ‘साधारण बरे आले आहे’ या शब्दांवर समाधान मानील, ही अपेक्षाच चुकीची आहे.

त्यांच्याकडे लोकांचे लक्ष गेले ते अमेरिकन कॅन्सर सोसायटीसाठी केलेल्या एका जाहिरातीमुळे. गर्भाशयातील अर्भक सिगारेट ओढत आहे, एवढेच त्या जाहिरातीतले दृश्य होते. ते अस्वस्थ करणारे होते आणि एकदा पाहिले की विसरता येत नव्हते. त्या बळावर त्यांना १९८५ मध्ये गायक रिक स्प्रिंगफील्ड यांच्या मैफलीवरील चित्रपट मिळाला, आणि १९८६ मध्ये त्यांनी काही सहकाऱ्यांसह ‘प्रोपगंडा फिल्म्स’ ही संस्था स्थापन केली. मायकल बे आणि अँटवान फुक्वा हे पुढे चित्रपटात गाजलेले दिग्दर्शकही याच संस्थेच्या मांडवाखालून गेले.

प्रश्न : चार मिनिटांच्या व्हिडिओत दिग्दर्शक असे काय शिकतो, की जे दोन तासांच्या चित्रपटात उपयोगी पडावे?

उत्तर : तो सर्वांत आधी शिकतो ते हे, की वेळ त्याच्या मालकीचा नाही. गाणे आधीच ध्वनिमुद्रित झालेले असते. ते चार मिनिटे बारा सेकंदांचे असेल तर व्हिडिओही तेवढाच असणार. ध्रुवपद कधी येणार, तालवाद्ये कोठे थांबणार, आवाज कोठे चढणार, हे सारे दुसऱ्याने ठरवून ठेवलेले असते. त्या आखलेल्या काळाच्या आत काय दाखवायचे आणि ते नेमके कोणत्या क्षणी दाखवायचे, एवढाच निर्णय दिग्दर्शकाच्या हाती राहतो. चित्रपटात मात्र प्रसंग लांबला तर लांबू देता येतो, आणि पुष्कळ चित्रपट तेथेच सैल पडतात.

१९९० मधील ‘फ्रीडम! ९०’ या गाण्याचे उदाहरण घेऊ. गायक जॉर्ज मायकल यांनी स्वतः व्हिडिओत दिसण्यास नकार दिला होता. ज्याचे गाणे तोच पडद्यावर नाही, म्हटल्यावर व्हिडिओचा नेहमीचा आधारच गेला. फिंचर यांनी नाओमी कॅम्पबेल, लिंडा इव्हान्जेलिस्टा, ख्रिस्टी टर्लिंग्टन, सिंडी क्रॉफर्ड आणि तातियाना पाटित्झ या पाच मॉडेलच्या ओठांवर ते शब्द दिले. गायकाच्या आधीच्या प्रतिमेची ओळख झालेले चामड्याचे जाकीट, गाणी वाजवणारी पेटी (ज्यूकबॉक्स) आणि गिटार या वस्तू त्यांनी ध्रुवपदाच्या ठोक्यावर जाळल्या अथवा स्फोटाने उडवल्या. गायकाला आपली जुनी प्रतिमा टाकून द्यायची आहे, हा गाण्याचा आशय एकाही निवेदनाच्या वाक्याविना पोहोचतो. कथा सांगण्याचेच हे काम आहे, मात्र त्याची वेळापत्रिका संगीताची आहे.

यातील तांत्रिक बाजूही समजून घेण्यासारखी आहे. व्हिडिओच्या चित्रीकरणात गाणे मोठ्याने वाजवले जाते आणि गायक त्याबरोबर ओठ हलवतो. दृश्य संथ गतीने हवे असेल आणि तरीही ओठ शब्दांशी जुळायला हवे असतील, तर कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी ४८ चौकटींवर चालवायचा आणि गाणे दुप्पट वेगाने वाजवायचे. गायक त्या धावत्या गाण्याबरोबर ओठ हलवतो, आणि पडद्यावर तेच दृश्य २४ चौकटींच्या गतीने दाखवले की केस व वस्त्रे तरंगल्यासारखी दिसतात, ओठ मात्र मूळ गाण्याशी बरोबर जुळतात. असे हिशेब रोज करणाऱ्याच्या मनात चौकटी, सेकंद आणि ताल यांचे एक कोष्टक कायमचे बसते.

काम मिळवण्याची पद्धतही एक शिक्षणच असते. ध्वनिमुद्रण कंपनी एकच गाणे अनेक दिग्दर्शकांकडे पाठवते, प्रत्येकाने एक-दोन पानांत आपली कल्पना लिहून द्यायची आणि त्यांतून एकाची निवड होते. निवड झाल्यावर चित्रीकरणाला बहुधा एक-दोन दिवसच मिळतात. त्यामुळे दिग्दर्शकाला वर्षाकाठी अनेक वेळा नवा सेट, नवी प्रकाशयोजना आणि नवे कलावंत हाताळावे लागतात. चित्रपटाच्या दिग्दर्शकाच्या वाट्याला एवढा सराव सहसा येत नाही. मॅडोना यांच्या ‘एक्स्प्रेस युवरसेल्फ’ (१९८९) या व्हिडिओसाठी फिंचर यांनी फ्रिट्झ लांग यांच्या ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) या मूकपटाची आठवण देणारी एक आख्खी कारखानानगरी उभी केली. त्या काळच्या अत्यंत महागड्या व्हिडिओंमध्ये त्याची गणना होते. त्यानंतरच्या वर्षी एमटीव्हीच्या पुरस्कारांत उत्कृष्ट दिग्दर्शनासाठी जी चार नामांकने होती, त्यांपैकी तीन एकट्या फिंचर यांच्या व्हिडिओंना होती आणि पुरस्कार मॅडोना यांच्याच ‘व्होग’ला मिळाला.

आता या शाळेत जे शिकवले जात नाही त्याविषयी. व्हिडिओत संवाद जवळजवळ नसतात. एका नटाने दुसऱ्याचे बोलणे ऐकून घ्यायचे, त्याचा परिणाम चेहऱ्यावर उमटू द्यायचा आणि मग उत्तर द्यायचे, हा प्रसंग व्हिडिओत फारसा येत नाही. पात्राची एक भावावस्था आठ-दहा आठवड्यांच्या तुटक चित्रीकरणात टिकवून धरण्याची गरजही पडत नाही. या दोन उणिवा घेऊनच व्हिडिओचा दिग्दर्शक चित्रपटाच्या सेटवर पाऊल ठेवतो.

प्रश्न : एवढी तयारी असूनही ‘एलियन ३’ हा त्यांचा पहिलाच चित्रपट का फसला? व्हिडिओची सवय आड आली काय?

उत्तर : तसे बोलले गेले खरे, परंतु घडलेला क्रम पाहिला तर ते पटत नाही.

‘एलियन’ या परग्रहावरील हिंस्र जीवाच्या चित्रपटमालिकेतला हा तिसरा चित्रपट फिंचर यांच्याकडे आला तेव्हा तो आधीच अनेक हातांतून गेलेला होता. त्यांच्या आधी व्हिन्सेंट वॉर्ड हे दिग्दर्शक होते, आणि त्यांच्या कल्पनेत कथा लाकडी ग्रहावरील एका मठात घडणार होती. ते बाजूला झाले, मठाचा तुरुंग झाला, परंतु आधीच्या कल्पनेचे अवशेष कथेत राहून गेले. जानेवारी १९९१ मध्ये लंडनजवळील पाइनवुड स्टुडिओत चित्रीकरण सुरू झाले तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या या दिग्दर्शकाजवळ पूर्ण झालेली पटकथा नव्हती. छायाचित्रणाची जबाबदारी जॉर्डन क्रोनेनवेथ यांच्यासारख्या मातब्बर माणसाकडे होती, परंतु पार्किन्सनच्या आजारामुळे त्यांना आरंभीच काम सोडावे लागले आणि अ‍ॅलेक्स थॉमसन यांनी ते पुढे चालवले. कथेच्या प्रत्येक वळणावर निर्मिती करणाऱ्या ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या स्टुडिओशी मतभेद होत राहिले, आणि अंतिम संकलन पूर्ण होण्याआधीच फिंचर त्यातून बाहेर पडले.

मे १९९२ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला. अमेरिकेत त्याने निराशा केली, परदेशांत तो त्या मानाने बरा चालला. आपल्याइतका या चित्रपटाचा तिरस्कार दुसऱ्या कोणी केला नसेल, अशा अर्थाचे उद्गार फिंचर यांनी पुढे मुलाखतीत काढले आहेत. २००३ मध्ये या मालिकेचा संच नव्याने काढताना बाकीच्या तिन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक सहभागी झाले, फिंचर मात्र दूर राहिले. त्या संचातली ‘एलियन ३’ची लांब आवृत्ती त्यांच्याविनाच सिद्ध झाली आहे.

माझे मत असे, की व्हिडिओच्या सवयीने हा चित्रपट बिघडवला नाही. ज्या एका गोष्टीवर व्हिडिओचे सारे शास्त्र उभे असते, तीच येथे नव्हती. व्हिडिओच्या दिग्दर्शकाला तयार गाणे लागते, आणि येथे गाणे रोज सकाळी नव्याने लिहिले जात होते. कोणता शब्द कोणत्या मात्रेवर पडणार हे ठाऊक असल्याशिवाय ज्याला काम करण्याची सवय नाही, त्याला चाल बदलत राहणाऱ्या गाण्यावर नाचायला सांगावे, असा तो प्रकार होता. अनुभवी दिग्दर्शकाने कदाचित स्टुडिओशी तडजोड करून कसाबसा मार्ग काढला असता. फिंचर यांना तडजोडीची कला अवगत नव्हती, हा दोष मात्र त्यांच्या पदरात घालावा लागेल.

प्रश्न : त्यांचे चित्रपट म्हणजे लांबवलेले व्हिडिओच आहेत, चकचकीतपणा अधिक आणि कथा कमी, अशी टीका वाचली. ती कितपत योग्य आहे?

उत्तर : आरंभीच्या काळात ही टीका सरसकट होत असे. व्हिडिओतून येणाऱ्या प्रत्येकावर ‘दिखाऊ’ हा शिक्का आधी बसायचा आणि चित्रपट नंतर पाहिला जायचा.

पहिल्या अपयशानंतर फिंचर काही काळ व्हिडिओ आणि जाहिरातींकडे परतले. रोलिंग स्टोन्सच्या ‘लव्ह इज स्ट्राँग’ (१९९४) या गाण्यात त्यांनी इमारतींएवढी उंच झालेली माणसे न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून फिरवली, आणि त्या व्हिडिओला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्यानंतर त्यांच्या हाती अँड्र्यू केव्हिन वॉकर यांची ‘सेव्हन’ या हत्यामालिकेच्या तपासावरील चित्रपटाची पटकथा आली. येथे एक चूक पथ्यावर पडली. स्टुडिओने शेवट सौम्य करून घेतलेला नवा खर्डा होता, परंतु फिंचर यांच्याकडे चुकून मूळचा, त्या भयंकर शेवटाचा खर्डा गेला. तो वाचूनच त्यांनी चित्रपट स्वीकारला आणि तोच शेवट राहील असा आग्रह धरला. नट ब्रॅड पिटही त्यांच्या बाजूने उभे राहिले. या वेळी गाणे आधीपासून पूर्ण होते आणि त्याची चाल कोणालाही बदलू दिली गेली नाही. सप्टेंबर १९९५ मध्ये आलेल्या या चित्रपटावर सुमारे ३ कोटी ३० लाख डॉलर खर्च झाले होते आणि जगभरातून त्याने ३२ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली.

‘सेव्हन’ लक्षपूर्वक पाहिल्यास व्हिडिओची रीत त्यात एकाच ठिकाणी उघडपणे सापडते. ती जागा म्हणजे काइल कूपर यांनी रचलेली, तुटक संगीतावर थरथरणारी आरंभीची श्रेयनामावली. ती संपली की कॅमेरा बहुतांशी स्थिर होतो. हत्या कशा घडल्या हे दाखवले जात नाही, फक्त त्या घडून गेल्यानंतरची खोली दिसते. दारियुस खोंजी यांचे छायाचित्रण काळोखाला भिडणारे आहे, पण ते मिरवत नाही. दाखवण्याची संधी असताना न दाखवणे, हे ‘दिखाऊ’ दिग्दर्शकाचे लक्षण खचितच नव्हे.

टीका अगदीच निराधार आहे, असेही मी म्हणणार नाही. ‘पॅनिक रूम’ (२००२) मध्ये कॅमेरा कॉफीच्या भांड्याच्या मुठीतून आरपार जातो आणि कुलपाच्या छिद्रात शिरतो. ती करामत पाहताना आपण घरात अडकलेल्या मायलेकींना विसरतो आणि कॅमेऱ्याचे कौतुक करू लागतो. भयाच्या चित्रपटात हे परवडत नाही.

परंतु २००७ मधील ‘झोडिअ‍ॅक’पासून चित्र पालटले. अडीच तासांहून लांब असलेला, बव्हंशी डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित केलेला हा चित्रपट म्हणजे प्रामुख्याने माणसे टेबलाभोवती बसून कागद तपासत आहेत आणि बोलत आहेत, असा आहे. ‘द सोशल नेटवर्क’ (२०१०) मध्ये तर संवादांचा पूर लोटतो. अ‍ॅरन सॉर्किन यांची पटकथा दीडशेहून अधिक पानांची होती. एका पानाला एक मिनिट या प्रचलित हिशेबाने चित्रपट अडीच तासांच्या पुढे गेला असता, आणि स्टुडिओला तो दोन तासांत हवा होता. एकही ओळ न कापता हे जमते की नाही, ते पाहण्यासाठी फिंचर यांनी सॉर्किन यांना प्रसंग मोठ्याने वाचायला सांगितले आणि स्टॉपवॉच लावून प्रत्येक प्रसंगाची वेळ नोंदवून ठेवली. नटांनी त्याच वेगाने बोलायचे, असे ठरले. चित्रपट दोन तासांत बसला.

त्यांच्या कारकिर्दीविषयी एकच प्रसंग सांगायचा झाला तर मी हा सांगेन. संवादांनी भरलेल्या पटकथेला त्यांनी आधी ध्वनिमुद्रित गाण्यासारखी निश्चित लांबी दिली आणि मगच चित्रे घेतली. प्रियकर आणि प्रेयसीच्या भांडणाचा आरंभीचा प्रसंग त्यांनी ९९ वेळा चित्रित केला, त्यामागेही अभिनय ठरलेल्या लयीत, पण सहज येईपर्यंत थांबायचे नाही, हाच विचार असावा. तरुणपणी व्हिडिओत ज्याचा सराव झाला नव्हता, त्या संवादाच्या कलेत ते व्हिडिओचेच घड्याळ घेऊन शिरले. या चित्रपटाच्या संकलनाला आणि संगीताला ऑस्कर मिळाले. फिंचर यांना मात्र दिग्दर्शनासाठी तीन वेळा नामांकन मिळूनही तो पुरस्कार मिळालेला नाही.

प्रश्न : व्हिडिओतून आलेले इतर दिग्दर्शकही याच वाटेने गेले काय?

उत्तर : नाही, प्रत्येकाने संगीताकडून वेगळी वस्तू उचलली. जालंधर येथे जन्मलेले तरसेम सिंग यांनी आर.ई.एम. या वाद्यवृंदाच्या ‘लूझिंग माय रिलिजन’ (१९९१) या व्हिडिओने नाव मिळवले आणि पुढे ‘द फॉल’ हा चित्रपट चार वर्षे, वीसहून अधिक देशांत फिरून, स्वतःच्या पैशावर पूर्ण केला. त्यांनी दृश्याचे वैभव उचलले आणि कथेला त्यामागून चालायला लावले. मिशेल गोंड्री हे स्वतः ढोलवादक. एका व्हिडिओत त्यांनी आगगाडीच्या खिडकीतून दिसणारे खांब, पूल आणि घरे यांना गाण्यातील एकेका वाद्याशी बांधून टाकले होते. चित्रपटात त्यांची ही खेळकर कारागिरी टिकली, शिस्त मात्र तेवढी टिकली नाही.

फिंचर यांच्या जवळचा मला जोनाथन ग्लेझर वाटतो. २००० ते २०२३ या काळात त्यांनी केवळ चार चित्रपट केले, आणि चौथ्याला, म्हणजे ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ला, सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. त्यांच्या ‘बर्थ’ (२००४) मध्ये निकोल किडमन नाट्यगृहात येऊन बसते आणि वाग्नर यांचे संगीत चालू असताना सुमारे दोन मिनिटे केवळ तिचा चेहरा दिसत राहतो. चित्र केव्हा संपणार हे तेथेही संगीतच ठरवते.

प्रश्न : मी गाण्यांचे व्हिडिओ करतो. एका निर्मात्याने चित्रपट देऊ केला आहे, परंतु पटकथा चित्रीकरणाबरोबर पूर्ण करू, असे ते म्हणतात. संधी स्वीकारावी काय?

उत्तर : वर ‘एलियन ३’विषयी लिहिले आहे तेच आपल्याला लागू पडते, फक्त आकडे लहान असतील. पटकथा पूर्ण होईपर्यंत चित्रीकरणाची तारीख ठरवू नये, असे निर्मात्यांना लेखी कळवावे, आणि अंतिम संकलनाचा अधिकार कोणाकडे राहणार तेही करारात स्पष्ट करून घ्यावे. दोन्ही अटी अमान्य झाल्या तर आपण आणखी काही व्हिडिओ करावेत. त्यांपैकी निदान एका व्हिडिओत दोन माणसे एकमेकांशी बोलतात असा प्रसंग घालून पाहावा.

प्रश्न : चित्रपटात नाव झाल्यावर फिंचर पुन्हा व्हिडिओंकडे वळले काय? त्यांच्या जुन्या व्हिडिओंवर दिग्दर्शक म्हणून नाव का दिसत नसे?

उत्तर : वळले, पण क्वचितच. नाइन इंच नेल्सच्या ‘ओन्ली’ (२००५) या गाण्याचा व्हिडिओ त्यांचा आहे, आणि त्याच वाद्यवृंदाचे ट्रेंट रेझ्नर पुढे अ‍ॅटिकस रॉस यांच्यासह ‘द सोशल नेटवर्क’चे संगीतकार झाले. जस्टिन टिंबरलेक यांच्या ‘सूट अँड टाय’ (२०१३) या कृष्णधवल व्हिडिओसाठी त्यांना पुन्हा ग्रॅमी मिळाले. टिंबरलेक हेही ‘द सोशल नेटवर्क’मधील नट, तेव्हा हा व्हिडिओ जुन्या ओळखीतूनच आला असावा.

नावाविषयी सांगायचे तर एमटीव्हीवर व्हिडिओच्या कोपऱ्यात गायक, गाणे आणि ध्वनिमुद्रण कंपनी यांचीच नावे येत असत. तेथे दिग्दर्शकाचे नाव देण्यास सुरुवात झाली ती १९९२ च्या अखेरीस. म्हणजे ‘व्होग’ आणि ‘फ्रीडम! ९०’ वारंवार दाखवले जात होते त्या वर्षांत त्यांवर फिंचर यांचे नाव नव्हते, आणि ज्या चित्रपटावर ते ठळक अक्षरांत झळकले, तो नेमका ‘एलियन ३’ होता.